वस्तादांच्या औषधपाण्याचं कोण बघणार?

गेल्या रविवारी कोल्हापूरहून धाकट्या भावाचा फोन आला. तालमीत दोन तट पडलेत म्हणाला. जुन्या मल्लांना सरकारी मानधन पुरत नाही, ते वाढवून घ्यायला मोर्चा काढू, असं एका गटाचं म्हणणं. दुसरा गट तरुण पोरांचा. वस्तादांचा जमाना गेला, डाव आता मोबाइलवर बघून शिकता येतात, आम्हाला चांगली गादी आणि जिम द्या, असं ते म्हणतात. "तू तिकडं सगळं बघतोस. तुला काय वाटतं?"

मी राहतो फिलाडेल्फियाजवळ. त्यामुळे उत्तर द्यायला बसलो तर याच शहरात घडणारा 'क्रीड' डोळ्यांसमोर आला. रायन कूगलरचा २०१५ चा बॉक्सिंगवरचा सिनेमा. अडोनिस हा रिंगमध्येच जीव गेलेल्या अपोलो क्रीडचा मुलगा. बापाच्या जुन्या लढतीचा व्हिडिओ तो भिंतीवर लावतो आणि त्या उजेडात उभा राहून हवेत ठोसे मारतो. तोही व्हिडिओ बघूनच शिकलेला, मेक्सिकोतल्या छोट्या लढती जिंकत आलेला. तरी चांगली नोकरी सोडून तो फिलाडेल्फियाला येतो आणि बापाचा जुना प्रतिस्पर्धी आणि मित्र असलेल्या म्हाताऱ्या बॉक्सर रॉकीच्या मागे लागतो. मला शिकवा. आपला ठोसा कुठे चुकतोय हे व्हिडिओ सांगत नाही, समोर उभा असलेला माणूस सांगतो. तालमीतल्या पोरांना मी एवढंच म्हणेन.

पण हा सिनेमा मनात घर करून बसला तो पुढच्या भागामुळे. वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असं आपल्याकडे म्हणतात. रॉकी डाव एकही राखत नाही, लपवतो तो आपला कर्करोग. बायको याच रोगानं गेली, औषधोपचारांनी वाचली नाही, म्हणून तो केमो घ्यायलाच तयार नसतो. पोराला कळतं तेव्हा तो चिडतो, भांडतो, आणि शेवटी अट घालतो: मी रिंगमध्ये लढतो, तुम्ही दवाखान्यात लढा. मग त्याचा सराव दवाखान्यातच चालतो. तिथल्याच जिन्यावर तो धावतो, खाटेशेजारी हात चालवतो. वडिलांच्या आजारपणातून ही गोष्ट सुचली, असं कूगलरनं सांगितलं आहे. ते पडद्यावर जाणवतं.

अमेरिकेत सगळे असेच वागतात असं मात्र नाही. इथं बॉक्सर आणि प्रशिक्षक यांच्यात हिशेब असतो. लढतीच्या कमाईतला साधारण दहा टक्के वाटा प्रशिक्षकाचा, आणि करार संपला की संबंधही बहुतेकदा संपतो. कोरडं वाटतं, पण घामाचा मोबदला तरी मिळतो. आपल्या वस्तादांनी जन्मभर पोरं घडवली आणि त्यांच्या वाट्याला काय आलं, तर सत्काराचा फेटा आणि नारळ. म्हणून मोर्चाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मानधन ही भीक नव्हे, राहिलेली मजुरी आहे.

तरीही पैशानं सगळं भागत नाही, हे मी घरातच पाहिलंय. आमचे चुलत आजोबा वस्ताद होते. हौद्यातली माती उकरून त्यात ताक, तेल, हळद, लिंबू मिसळायचं काम त्यांनी साठीपर्यंत स्वतः केलं. पुढं गुडघे गेले. मैदान मारणारे, नाव कमावलेले त्यांचे पठ्ठे पुष्कळ होते. पण यायचा तो एकच, एसटीत ड्रायव्हर असलेला, ज्यानं मोठी कुस्ती कधी मारली नाही. ड्युटी संपली की खाकी कपड्यांतच खाटेच्या पायथ्याशी बसायचा, तेल कोमट करून आजोबांचे गुडघे चोळायचा. दोघं फारसं बोलायचे नाहीत. आजोबा डोळे मिटून पडायचे आणि मधेच म्हणायचे, "अंगठा खाली घे." तेवढ्यातही शिकवणं चालूच.

इथल्या कला संग्रहालयाच्या ७२ पायऱ्यांवर, जुन्या 'रॉकी' सिनेमात तो चढतो तशी, रोज माणसं धावत चढतात आणि वर पोहोचून हात उंचावतात. 'क्रीड'च्या शेवटी रॉकी त्याच पायऱ्या दमत, थांबत चढतो आणि पोरगा त्याला आधार देतो. पाहुणे आले की मी त्यांना तिथं नेतो. मला दर वेळी आठवतो तो त्या दोघांचा धीमा चढ.

भावाला म्हटलं, मोर्चा काढाच. पण आपल्या वस्तादांचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असतं. त्यांना रिक्षानं कोण नेतं?

"वस्तादांच्या घरातल्या वहिनी नेतात. एकट्याच."

तालमीत फळा आहे ना, त्यावर दोन वार लिही आणि पुढं पोरांची नावं घाल. दोन्ही तटांतली. रिक्षाचं भाडं मी पाठवतो.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मंगळवार माझा."