उन्हाने भाजलेल्या त्वचेवर लिंबू? खुलासा

आपल्या घणसोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय: 'उन्हाने त्वचा भाजली तर लिंबू चोळा, वर टूथपेस्टचा थर द्या, रात्रीत काळेपणा गायब.' कृपया असं करू नका.

लिंबाचा रस चांगलाच आम्लधर्मी असतो, भाजलेल्या जागी तो झोंबतो. त्याहून वाईट म्हणजे लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती अंगावर राहिली आणि वर ऊन लागलं, की एक-दोन दिवसांत फोड येतात आणि मग तपकिरी डाग महिनोन्महिने जात नाहीत. म्हणजे काळेपणा घालवायला गेलो आणि नेमका तोच विकत घेतला! टूथपेस्टचा गारवा मेंथॉलचा, पण ती त्वचेची आग वाढवू शकते. बर्फही थेट घासायचा नाही.

मग करायचं काय? नळाच्या गार पाण्यात पंचा भिजवून, पिळून, 10-15 मिनिटं ठेवा. कोरफड चालते, पण पात कापली की आधी उभी धरून पिवळा चीक निथळू द्या, तोच खाज आणतो. मग आतला पारदर्शक गर लावा. तूप-तेल पहिल्या दिवशी नको, उष्णता कोंडते. पाणी भरपूर प्या.

पाम बीच रोडवर दुपारी स्कूटर चालवणाऱ्यांनो, लाली बऱ्याचदा रात्री वाढते, घाबरू नका. पण मोठे फोड, ताप किंवा उलटी असेल, किंवा तान्हं बाळ भाजलं असेल, तर थेट डॉक्टरांकडे. फोड फोडू नका.