तुमच्या फियाटमधल्या रेडिओबद्दल

नमस्कार साहेब,

तुम्ही एकच स्टार दिलाय आणि तीन तक्रारी लिहिल्यात: इंजिन सुरू केलं की रेडिओ खरखरतो, एफएम लागत नाही, आणि एवढ्याशा कामाला तीन आठवडे लागले.

खरखरीत चूक आमचीच आहे. काल फोनवर तुम्हाला एरियलची पिन रेडिओतून काढून बघायला सांगितली आणि आवाज थांबला. म्हणजे तो बॅटरीच्या वायरीतून नाही, एरियलमधून येतोय. डायनॅमोला आणि कॉइलला खरखर दाबणारे कंडेन्सर लावलेत, पण एरियल बसवताना मडगार्डच्या आतल्या बाजूचा रंग खरवडायचा राहिला. गाडी नुकतीच रंगवलेली, म्हणून आमच्या मुलाचा हात धजावला नाही, आणि मीही खाली वाकून बघितलं नाही. एरियलच्या बुडाचे दात उघड्या पत्र्यात रुतले नाहीत की केबलच्या जाळीला अर्थिंग मिळत नाही, मग प्लगची ठिणगी न् ठिणगी रेडिओत ऐकू येते. शिवाय ट्रायल मी इंजिन बंद ठेवूनच घेतली. ती चालत्या गाडीत घ्यायला हवी होती. माफ करा.

एफएमचं तसं नाही. गाडी १९६७ ची, सेटही त्याच काळातला, फक्त मिडियम वेव्हचा. आपल्या देशात एफएम आलं १९७७ साली, तेही आधी मद्रासला. आतलं सगळं काढून एफएमचं किट घालता येतं, पण मी तुम्हाला तेव्हाही नको म्हटलं होतं आणि आजही नकोच म्हणेन. तुमच्या वडिलांनी हाताळलेलं बटण फिरवलं की दोरीवरचा काटा सरकतो आणि स्टेशन लागतं, त्यासाठीच तर तुम्ही तो सेट माळ्यावरून काढून आणला होतात. गाणी मोबाईलवरून ऐकायची असतील तर सीटखाली वेगळा अॅम्प्लिफायर बसवून देतो, डॅशबोर्डला हात न लावता.

तीन आठवडे लागले ते सेटच्या आतल्या कामाला. सगळे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर सुकले होते, ते बदलले. दोरी तुटलेली, स्पीकरचा कागद फाटलेला. आउटपुटचा जर्मेनियम ट्रान्झिस्टर मात्र मूळचाच चांगला निघाला, तो तसाच ठेवलाय. तरी उशीर होतोय हे मधेच फोन करून कळवायला हवं होतं.

येत्या शनिवारी सकाळी गाडी आणा, दोन तासांचं काम आहे. पैसे घेणार नाही. रंग आतून खरवडतो, उघड्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून ग्रीस लावतो. मग १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचं एखादं क्षीण स्टेशन धरून एरियलचा ट्रिमर, म्हणजे सेट एरियलशी जुळवायचा छोटा स्क्रू, तुमच्यासमोर जुळवतो, आणि पुणे आकाशवाणी ७९२ वर लावून आपण दोघं गाडीतून एक चक्कर मारू. मोबाईलचा चार्जर तेवढा घरी ठेवून या, तोही मिडियम वेव्हवर खरखर करतो.