मॉडेल तयार आहे म्हणे, आता कोड काय, बटण दाबलं की होईल!

अक्षरशः वीट आलाय या वाक्याचा. बिझनेस टीम आठवडेच्या आठवडे बसून कामाच्या प्रोसेसचं चित्र, म्हणजेच मॉडेल, काढणार, वरिष्ठ त्यावर मान डोलावणार आणि मग ते आमच्या गळ्यात मारून विचारणार, "लाइव्ह कधी?"

आत्ता समोर असलेल्या मॉडेलमध्ये एक चौकोन आहे, 'अर्ज तपासा'. बस, एवढंच. कोण तपासणार? काय बघून? कागद अपुरे असतील तर? तपासणारा रजेवर असेल तर अर्ज कोणाकडे जाणार? पुढे गेटवे, म्हणजे वाट फुटायची जागा, त्यातून दोन बाण आणि एकावर लिहिलंय 'ठीक असल्यास'. अहो, हे मॉडेल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, म्हणजे इंजिनला, 'ठीक' कळत नाही! त्याला नेमकी अट लागते. कुठल्या व्हेरिएबलची कुठली व्हॅल्यू, ते सांगावं लागतं. आणि एकही अट लागू पडली नाही तर कुठे जायचं, तो डिफॉल्ट मार्गही द्यावा लागतो. नाही दिला, की एरर. हे सगळं कोण ठरवणार? डेव्हलपर, रात्री, अंदाजाने. अंदाज चुकला की खापरही त्याच्याच डोक्यावर.

त्याच चित्रात एक्सक्लुझिव्ह गेटवेतून (जो एकच वाट निवडतो) फुटलेल्या दोन वाटा पुढे पॅरलल गेटवेत (जो सगळ्या वाटांसाठी थांबतो) आणून जोडल्यात. दिसायला सुबक. पण प्रत्यक्षात टोकन, म्हणजे अर्ज कुठवर आला ती खूण, एकाच वाटेने येतं आणि पॅरलल गेटवे दुसऱ्या वाटेवरच्या टोकनची वाट बघत बसतो. ते कधीच येणार नसतं. त्या अर्जाची केस तिथेच लटकते, एररसुद्धा येत नाही, आणि अर्ज करणारा माणूस मात्र ताटकळत राहतो.

आणि तो टायमर! 'दोन दिवसांत उत्तर न आल्यास अर्ज बंद.' फाइलमध्ये लिहिलं 'पी२डी', म्हणजे सरळ दोन दिवस. या टायमरला शनिवार-रविवार कळत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेला प्रश्न रविवारी संध्याकाळी बाद. ज्याचा अर्ज गेला त्याने काय करायचं? कामकाजाचे दिवस धरायचे की कॅलेंडरचे, हा प्रश्न इतक्या बैठकांत एकालाही पडू नये?

मॉडेलवरून कोड बनवायच्या कल्पनेवर राग नाहीये. ओएमजी या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने २००१ मध्ये एमडीए हे मॉडेलवरून सॉफ्टवेअर बनवायचं तंत्र मांडलं, त्यात व्यवसायाचं मॉडेल, मग प्लॅटफॉर्मपासून स्वतंत्र मॉडेल, मग विशिष्ट प्लॅटफॉर्मचं मॉडेल आणि त्यानंतर कोड, असे टप्पे होते. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना कोणीतरी विचार करून नियम लिहायचे असतात. आपण मधलं सगळं उडवलं आणि पहिल्या चित्रातून थेट कोड मागायला लागलो. अशी प्रोसेसची चित्रं काढायचं स्टँडर्ड, २०११ चं बीपीएमएन २.०, तेसुद्धा समजण्यापुरतं मॉडेल वेगळं आणि इंजिनवर चालणारं मॉडेल वेगळं धरतं. स्टँडर्डच सांगतंय, तरी ऐकायचं नाही!

बरं, एकदाचा कोड जनरेट झाला, तरी सुटका नाही. त्यात हाताने दुरुस्ती करायची, मग वर कोणीतरी चौकोनाचं नाव बदलायचं, पुन्हा जनरेट, की दुरुस्ती साफ पुसली. दोघांनी एकाच डायग्राममध्ये चौकोन जरा सरकवले तरी त्याच्या एक्सएमएल फाइलमधले जागेचे आकडे बदलतात आणि दोघांचे बदल एकत्र (मर्ज) करताना नाकी नऊ येतात. शेवटी सगळे मॉडेलला हात लावायचंच सोडतात. मग मॉडेल एक सांगतं, सिस्टीम दुसरंच करते आणि ऑडिटला दाखवायला तेच जुनं चित्र पुढे. आधीपासून चालू असलेल्या केसेस नव्या व्हर्जनवर कशा न्यायच्या, हे तर कोणी विचारतच नाही.

यापुढे प्रत्येक बाणाची अट, प्रत्येक चौकोनात येणारा-जाणारा डेटा, चूक झाली तर जायची वाट आणि टायमरचं कॅलेंडर लिहून द्या. बिझनेसच्या माणसाने शेजारी बसून एक केस सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून बघा. तोवर माझ्याकडे लाइव्हची तारीख मागायची नाही.