मला पितृपक्ष आवडतो

हे वाचून काही जणींच्या भुवया वर जातील, ठाऊक आहे. ऑफिसात डबे उघडून बसलो असताना बोलले, तेव्हाही गेल्या होत्या. "अगं, काय अभद्र बोलतेस!" पण खरं तेच सांगतेय. गणपती, नवरात्र, दिवाळी यांचं कौतुक करायला अख्खी मुंबई आहे. मधल्या या पंधरवड्याच्या बाजूने कुणीच बोलत नाही, म्हणून हा खटाटोप. पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

यंदा ज्येष्ठ अधिक आला आणि सगळंच पुढे ढकललं गेलं. अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला, सर्वपित्री शनिवारी 10 ऑक्टोबरला आणि दुसऱ्या दिवशी घट. हवामान खात्याच्या लेखी मुंबईतून पाऊस परतायची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर. आधी ती 29 सप्टेंबर होती, 2020 मध्ये बदलली. दोरीवर वाळत घालणाऱ्या कुठल्याही बाईला विचारलं असतं, तर तिने हे बरंच आधी सांगितलं असतं. म्हणजे यंदा पितर जाणार आणि पाऊसही जाणार, जवळजवळ एकाच गाडीने.

पंचांगात शरद आश्विनापासून. आमच्या भांडुपला तो जीन्सवरून कळतो. जुलैत तीन-तीन दिवस पंख्याखाली लटकूनही कमरेपाशी ओलीच राहणारी जीन्स आता सकाळी घातली की दुपारी कडक. गाद्या, रजया, मुलांची दप्तरं, सगळं उन्हात. घराचा तो कुबट वास जातो. आणि घरातलं एक तरी माणूस तापाने झोपतं. "वैद्यानां शारदी माता" असं जुन्या लोकांनी म्हणून ठेवलंय, म्हणजे शरद ऋतू वैद्यांची आई, त्यांना पोसणारी. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातली रांग बघितली की पटतं. तर असा हा ऋतू. दिवसा अंगाची लाही, रात्री आभाळ एकदम स्वच्छ.

आणि शांतता! हे मुंबईबाहेरच्यांना कळणार नाही. दहा दिवस ढोल, ताशे, डीजे, रात्री उशिरापर्यंत आरत्या, पाहुणे, मोदक, नाक्यावरचा ट्रॅफिक. मग विसर्जन होतं आणि कुणीतरी बटण बंद करतं. नवरात्राचे मंडप अजून बांबूंच्या अवस्थेत असतात. कुणाकडे वास्तुशांत नाही, साखरपुडा नाही, बारसं नाही. "आम्ही सहज आलो होतो" म्हणून कुणी बेल वाजवत नाही. खरेदीही बंद. बिल्डर आणि शोरूमवाले या दिवसांना किती वैतागतात ते त्यांच्या ऑफर्स बघून समजतंच. गेल्या वर्षी तर बहार होती. 22 सप्टेंबरलाच घटस्थापना आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर, एसी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर. आमच्याकडे एसी घ्यायचा होता. सासूबाई म्हणाल्या, पितृपक्षात नको. नवरा म्हणाला, 22 पर्यंत थांबू. मायलेकांचं एखाद्या गोष्टीवर इतकं चटकन एकमत झालेलं मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

तर या पंधरवड्यात आम्ही चौघं-पाचजण घरात असतो आणि करण्यासारखं काहीच नसतं. मुलांची सहामाही तोंडावर आलेली असते, पण अभ्यासाचं नाटक किती वेळ चालणार? जेवणं एकत्र होतात. रात्रीची भांडी झाली की सासूबाई भाजी निवडायला घेतात आणि त्या बोलायला लागतात. एरवी वर्षभर त्यांना बोलायला आम्ही वेळ देत नाही. (सिरियल देते, पण तिथे त्यांना ऐकावं लागतं.)

आमचं मूळ मालवणकडचं. गावात याला म्हाळ म्हणतात, तो चुलतसासरे घालतात. आम्ही मुंबईत पान ठेवतो. तिथीला सुट्टी मिळत नाही, म्हणून बहुतेक चाकरमान्यांसारखे आम्हीही सर्वपित्रीवर. ज्याने कुणी हा पंधरवडा आखला त्याचं मला कौतुक वाटतं. सवाष्ण गेलेल्या बायकांसाठी नवमी. अपघाताने किंवा शस्त्राने गेलेल्यांसाठी चतुर्दशी. आणि ज्यांची तिथीच कुणाला माहीत नाही, ज्यांच्यामागे आठवण ठेवणारं कुणी उरलं नाही, त्या सगळ्यांसाठी अमावस्या. यादीतून कुणी सुटू नये याची एवढी काळजी आमच्या सोसायटीच्या मतदारयादीतही घेतलेली नाही.

आमच्या गॅलरीला कबुतरांची जाळी आहे, म्हणून पान गच्चीवर न्यावं लागतं. साडेबारा वाजता तिकडे जत्रा असते. खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकूंचा दूधपाक, बी विंगमधल्या तेलुगू कुटुंबाचं केळीचं पान, घाटावरच्यांचं आळूचं फतफतं आणि आमचे वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, भेंडी, कारलं. एरवी पार्किंगवरून एकमेकांचं तोंड न बघणारे लोक पाण्याच्या टाकीच्या सावलीत हात बांधून उभे. सगळ्यांचं लक्ष कावळ्याकडे आणि कावळे पोट भरलेले. दादरच्या कबुतरखान्यावरून 2025 मध्ये केवढं रामायण झालं. कावळ्यासाठी आजवर कुणी मोर्चा काढलेला नाही, तरी वर्षातून एक दिवस अख्खी इमारत त्याच्या मिनतवाऱ्या करते. आमच्याकडचा कावळा सरळ वडा उचलतो आणि टाकीवर जाऊन बसतो. कारल्याला त्याने कधी चोच लावलेली नाही. धाकटा म्हणतो, पणजोबा माझ्यासारखेच आहेत.

पणजोबा परळच्या गिरणीत होते, हे मुलांना माहीत होतं. पणजीबद्दल काहीच माहीत नव्हतं. मलाही फारसं नव्हतं. गेल्या वर्षीच्या सर्वपित्रीच्या आदल्या रात्री वाटाणे भिजत घालताना सासूबाईंना माझं माप बघवेना. "एवढ्याने काय होतंय? आमच्या सासूबाई पायलीने घालायच्या." मग निघाली गोष्ट. पणजीची खाणावळ होती. चाळीतली एक खोली, कोकणातून आलेले एकटे गडी, पाळीप्रमाणे जेवायला येणारे. पहिल्या पाळीचे उठले की जागा पुसून दुसऱ्या पाळीची पानं. सासूबाई लग्न होऊन आल्या आणि दुसऱ्याच दिवशी भाकऱ्या थापायला बसल्या. महिन्याचे पैसे पगाराला. पणजीला लिहिता येत नसे. चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा, प्रत्येकाची जागा ठरलेली. कुणाची रेघ कुठली, यात तिची कधी गफलत झाली नाही म्हणे.

मग 18 जानेवारी 1982. संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. हे सगळं आपण वाचलेलं, ऐकलेलं असतं. त्यात नेते असतात, मालक असतात, मोर्चे असतात. आमच्या स्वयंपाकघरात तो संप भिंतीवरच्या रेघांतून आला. पैसे येईनात, पण माणसं जेवायला येतच राहिली. पणजी वाढत राहिली. आधी पाटल्या गेल्या, मग मोठी भांडी. लेक नववीत आहे, हिशेबाला पक्की. तिने विचारलं, "मग नंतर दिले का त्यांनी पैसे?" सासूबाई म्हणाल्या, "काहींनी दिले. काही गावाला गेले ते गेलेच." आणि वाटाण्यात अजून दोन मुठी टाकल्या.

लेकीचा दुसरा प्रश्न मला जास्त लागला. "याचा फोटो, कागद, काही आहे?" पणजोबांचे आहेत. गिरणीचं ओळखपत्र, पगाराच्या पावत्या. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरताना सगळं बाहेर निघालं होतं. पणजीचं नाव रेशनकार्डावर, तेही बायको म्हणून. एवढ्या माणसांना इतकी वर्षं जेवू घातलं, त्याची नोंद कुठेच नाही. भिंत होती, ती चाळीबरोबर पडली.

म्हणून मला या दिवसांना कुणी अशुभ म्हटलं की चिडायला होतं. अशुभ काय आहे यात? श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावं घ्यायची असतात. आणि नाव घ्यायचं तर ते माहीत हवं! आमच्या किती घरांत पणजीचं माहेरचं नाव कुणाला सांगता येईल? मुलांना पोकेमॉनच्या पिढ्या तोंडपाठ असतात. स्वतःच्या तीन नाहीत.

आता दुसरी बाजू, नाहीतर कमेंटमध्ये येईलच. दहा पदार्थ, तेही दुपारच्या आत, कुणी करायचे? बायकांनीच. पितर नवऱ्याचे आणि तळण माझं, हे मला कधीच मान्य नव्हतं. आमच्याकडे आता नवरा वडे थापतो (जाड होतात, कावळ्याची तक्रार नाही), लेक खीर बघते, भाज्या चारच. बाकीचे पदार्थ गळाले म्हणून कुणी पितर स्वप्नात येऊन ओरडलेले नाहीत. भीती घालून हजारोंची पॅकेजं विकणाऱ्यांशीही माझं देणंघेणं नाही. "पितृदोष" हा शब्द ऐकला की मी फोन ठेवते. आणि ज्यांना हे काहीच पटत नाही त्यांनी करू नये. पण एक संध्याकाळ टीव्ही बंद करून आजीला बोलू द्यावं, त्याला भटजी लागत नाही.

माझी आई एप्रिल 2021 मध्ये गेली. तेव्हा कशी माणसं जात होती ते तुम्हाला आठवत असेल, त्याबद्दल लिहीत नाही. भाऊ पुण्याला तिचं सगळं करतो. लग्नानंतर मुलीचं गोत्र बदलतं, तेव्हा सासरच्या पानांत तिचं पान बसत नाही, असं मीच धरून चालले होते. एका सर्वपित्रीला मी पानं मांडताना घुटमळले, तर सासूबाईंनी न विचारताच पाचवं पान पुढे सरकवलं. "ठेव गो. तिका वडे आवडायचे." शास्त्रात हे बसतं का, मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

आणि हो, शास्त्राचंच म्हणाल तर आईच्या वडिलांसाठी एक दिवस आहे. आश्विन शुद्ध प्रतिपदा, मातामह श्राद्ध, आजेपाड. नातवाने करायचं. कॅलेंडरात बारीक अक्षरांत असतं, बघा. दिवस कुठला? तर घटस्थापनेचा. त्यामुळे आईकडचे आजोबा दरवर्षी पहिल्या दिवसाच्या रंगाखाली दबून जातात. गेल्या वर्षी सोमवार, पांढरा. सकाळच्या लोकलचा लेडीज डबा म्हणजे नुसता दुधाचा टँकर. यंदा रविवार आहे, म्हणजे ऑफिस नाही, फोटो नाही. धाकट्याला सांगून ठेवलंय की त्या दिवशी माझ्या बाबांचं पान तो ठेवणार. लेक लगेच म्हणाली, नातवानेच का, मी पण ठेवणार. दोघांचं भांडण सुरू आहे. दोन पानं ठेवू, बाबा दोन्हीकडे जेवतील, त्यांना मधुमेह होता तेव्हाही ते ऐकत नसत.

तुमच्याकडे म्हाळाला काय काय करतात ते लिहा. पणजीचं माहेरचं नाव माहीत असेल तर तेही लिहा. आणि भांडुप-मुलुंडकडच्यांनो, चांगले काळे वाटाणे सध्या कुणाकडे आहेत? मागच्या वेळचे रात्रभर भिजवून, कुकरच्या सहा शिट्ट्या देऊनही टणकच राहिले. शनिवारच्या आत सांगा.