खुलासा: ‘जपानमध्ये एकही बेघर नाही’ हे खरं नाही

‘जपानमध्ये एकही माणूस रस्त्यावर झोपत नाही’ असा मेसेज सध्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. जपानचं आरोग्य मंत्रालयच दरवर्षी जानेवारीत बेघरांची मोजणी करून आकडे जाहीर करतं. २००३ मध्ये ते २५,२९६ होते, २०२४ मध्ये २,८२०. घट मोठी आहे, ती मान्य करायलाच हवी. पण या मोजणीत बागा, नदीकाठ, स्टेशनं अशा ठिकाणी डोळ्यांना दिसणारेच येतात. रात्रभर उघड्या असणाऱ्या नेट कॅफेत (इंटरनेट वापरायच्या दुकानांत) रात्र काढणारे त्यातून सुटतात. तोक्यो प्रशासनाने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत असे बेघर तोक्योतच रोज सुमारे ४,००० होते.

ओसाका शहराच्या निशिनारी भागातली कामागासाकी ही रोजंदारी मजुरांची वस्ती बघा. एक माणूस जेमतेम मावेल अशा खोल्यांची स्वस्त लॉज, पहाटे मजूर उचलायला येणाऱ्या गाड्या, त्रिकोणी बागेत फुकट जेवणासाठी लागणारी रांग. १९७० च्या ओसाका एक्स्पो या जागतिक प्रदर्शनाच्या बांधकामांवर इथले मजूर राबले. शहर उभं करणाऱ्या या माणसांना आपण एका फॉरवर्डने पुसून टाकतो, याचं मला फार वाईट वाटतं.

कृपया हा मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर वरचे आकडे टाका.