युद्धाचं मूळ जमिनीत होतं
‘कट्टर फुटबॉलप्रेमी शांततेचं काम करूच शकत नाही’ हे तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं नाही. त्यातला दाखला मध्य अमेरिकेतल्या 1969 च्या एल साल्वादोर-होंडुरास युद्धाचा. पण होंडुरासने जमीन सुधारणेच्या नावाखाली साल्वादोरी शेतकऱ्यांना हुसकावलं होतं. दोन्ही देशांमधले विश्वचषक पात्रता सामने फक्त ठिणगी ठरले. उलट आयव्हरी कोस्टमधल्या यादवीनंतर तिथला फुटबॉलपटू द्रोग्बा याच्याच आग्रहाने 2007 मध्ये मादागास्करविरुद्धचा सामना बंडखोरांच्या बुआके शहरात झाला. आयव्हरी कोस्ट 5-0 ने जिंकला!

सोलापुरात मोठ्या पडद्यावर सामना दाखवताना भांडण गोलवरून नाही, घोषणेवरून पेटतं. खेळावर कितीही ओरडा. देश, धर्म, जात निघाली की आपल्याच गटातल्याने तिथल्या तिथे थांबवायचं. समोरच्यांनी थांबवलं तर तीच चिथावणी वाटते. शेवटच्या शिट्टीनंतर हरलेल्यांना आधी बाहेर पडू द्या, हलगी दहा मिनिटांनी.