उंबऱ्यापर्यंतचा मान

ठाण्याला पाचपाखाडीत आमच्या सोसायटीतला एक फ्लॅट भाड्याने जायचा होता. येऊ घातलेली भाडेकरू पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्री, ऐरोलीला आयटीत नोकरीला. मालकाची हरकत नव्हती, कमिटीची होती. व्हॉट्सअॅप ग्रुपवर जुंपली आणि मी बर्लिनमध्ये बसून ती सगळी वाचली. अध्यक्षांचं म्हणणं, हे खूळ पाश्चात्त्यांचं, आपल्याकडे पूर्वी असलं काही नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी त्यांना खोडून काढलं. शिखंडी, बृहन्नडा, अर्धनारीनटेश्वर, सगळे हजर केले. आपल्या संस्कृतीत यांना केवढा मान! गंमत म्हणजे फ्लॅट देऊ नये यावर दोघांचं एकमत.

मग काकांनी मलाच विचारलं, “ताई, सुरुवात तुमच्या जर्मनीतच झाली ना?”

एका अर्थी झाली. माग्नुस हिर्शफेल्ड या डॉक्टरने 1919 मध्ये बर्लिनमध्ये लैंगिकताशास्त्राची संस्था काढली. पुरुष म्हणून जन्मलेल्या माणसाने स्त्रीवेशात रस्त्यावर फिरावं आणि पोलिसांनी अडवू नये म्हणून डॉक्टरचा दाखला पाहून पोलीसच एक परवाना देत, त्यासाठीही तो खटपट करायचा. डोरा रिश्टर नावाच्या पारलिंगी स्त्रीवर 1931 मध्ये लिंगबदलाची शस्त्रक्रिया झाली, ती अशा पहिल्या शस्त्रक्रियांपैकी एक. त्याच वर्षी हिर्शफेल्ड हिंदुस्थानातही येऊन गेला. पण 6 मे 1933 ला नाझी विद्यार्थ्यांनी संस्था लुटली आणि चार दिवसांनी तिथली पुस्तकं चौकात जाळली. त्या चौकात आज जमिनीत एक काच बसवली आहे. वाकून पाहिलं की खाली पांढरी रिकामी फडताळं दिसतात. पर्यटक फोटो काढतात आणि कॉफी प्यायला जातात. मीही तेच केलं होतं.

म्हणजे इथेही हे सरळ रेषेत झालेलं नाही. 1980 च्या जर्मन कायद्याने कागदावर लिंग बदलून मिळायचं, पण दोन तज्ज्ञांचे अहवाल, कोर्ट आणि नसबंदीही. नसबंदीची अट घटना न्यायालयाने 2011 मध्ये काढली. स्त्री-पुरुष याखेरीज लिंगाचा तिसरा पर्याय 2018 च्या अखेरीस आला, तोही डॉक्टरी दाखला असलेल्यांपुरता. नोंदणी कार्यालयात तीन महिने आधी कळवायचं आणि मग आपलं लिंग स्वतःच सांगायचं, ही सोय 1 नोव्हेंबर 2024 पासूनची. आपल्या निवडणूक आयोगाने मतदार यादीत ‘इतर’ हा रकाना 2009 मध्येच दिला, आणि स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 ला मान्य केला. त्या खटल्यात बाजू मांडणाऱ्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी या तर आपल्याच ठाण्याच्या.

अध्यक्षांना सांगायचं ते एवढंच की बाहेरून आलं ते खूळ नव्हे, बंदोबस्त. मराठेशाहीत दख्खनमध्ये हिजड्यांना गावोगाव भिक्षेचा वंशपरंपरागत हक्क होता, काहींकडे इनाम जमिनीही. इंग्रजांच्या मुंबई सरकारने एकोणिसाव्या शतकात ते हक्क मोडीत काढले. उत्तरेत त्याहून वाईट. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हिजड्यांची पोलिसांत नोंद सुरू झाली आणि नोंद झालेल्याने बाईच्या वेशात रस्त्यावर दिसणं किंवा पैसे घेऊन नाचणं यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली.

काकांचा मुद्दा मात्र मला जास्त खुपतो, कारण तो ऐकायला गोड आहे. चरईतल्या आमच्या जुन्या घरी मंगळवारी-शुक्रवारी यल्लमाचा जोगता यायचा. हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ. आजी त्याच्या परडीत तांदूळ घालायची, वाकून नमस्कार करायची, आम्हालाही करायला लावायची. पाणी मागितलं तर तेही द्यायची, वरून, ओंजळीत. त्याला आत बोलावलेलं मी कधी पाहिलं नाही. तो कुठे राहतो, आजारी पडला तर कुठल्या दवाखान्यात जातो, हे तिने विचारलं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही. तीनहात नाक्याच्या सिग्नलला आशीर्वादासाठी रिक्षातून दहाची नोट पुढे करणारे आपण तरी काय वेगळं करतो?

इथे माझ्या वरच्या मजल्यावरची शेजारीण पारलिंगी आहे. तिच्या पाया कोणी पडत नाही. सायकल जिन्यात लावते म्हणून खालच्या आजीबाई तिच्यावर खेकसतात, माझ्यावरही तशाच खेकसतात. ही समता मला आवडते. बर्लिनबाहेर लहान गावांत तिला इतकं निवांत वाटत नाही, हेही तिनेच सांगितलेलं.

2019 मध्ये संसदेने केलेल्या कायद्यात पारलिंगी व्यक्तीला घर भाड्याने नाकारू नये असं कलम 3 मध्ये स्पष्ट आहे. शिक्षेच्या कलमात मात्र घर नाकारणाऱ्याचा उल्लेखच नव्हता. ‘मान’ देणाऱ्या कमिट्यांना ही फट बरोबर सापडते. काकांना मी ग्रुपवर लिहिलं, बृहन्नडेला विराटाने राजवाड्यात नोकरीही दिली होती आणि राहायला जागाही. मालकाने आता करारनामा नोंदवावा, पोलीस पडताळणी सगळ्या भाडेकरूंची होते तशी व्हावी, आणि कमिटीने पार्किंगचं बघावं, ते कधीचं पडून आहे.